दादाला फेटा चालत न्हवता

दादाच्या दहाव्याला घाटावर मांडव घातला व्हता. खुर्च्या व्हत्या, माईक व्हता. आमच्या भागात आता दहाव्याला भाषणं असतातच, त्याशिवाय माणूस गेल्यासारखं लोकांना वाटत न्हाई. एक जण उठला, मग दुसरा उठला, समदे एकच बोलले. पंचावन सालच्या पुरात ज्योतीरामदादांनी जिवावर उदार व्हऊन पाटलांच्या आईला नदीतनं काढलं, असा वीर पुरुष पुन्हा व्हणे न्हाई. आणि दादाच्या फोटोला कुणीतरी गुलाबी फेटा बांधून ठेवलेला, तुरा काढून. मी उठले आणि तो फेटा काढला. समद्यांच्या देखत काढला. दादाची सून म्हणाली, "आत्या, अहो काय करताय?" गुडघे दुखत व्हते, परत जाऊन खुर्चीत बसले.

तवापासून घरात कुजबुज चालू हाय, म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून. फिरलं न्हाई. थकलंय. नातीनं मोबाईलवर बोटानं कसं लिहायचं ते शिकवलंय, तर बोलते तसं लिहिते. शाळा माझी तिसरीपर्यंत. दादा गेल्यापासून झोप न्हाई नीट, जेवणाची चव न्हाई. पण हे एवढं लिहून ठेवते, म्हंजी घरातल्या पोरांना कळंल का मी फेटा का काढला.

मी छबू. ज्योतीराम माझा थोरला भाऊ. बाप आमचा लवकर गेला, आईनं आमाला वाढवलं, मोशीत, नदीकडच्या वस्तीवर. आता तिथं बिल्डिंगी हायेत, तवा समदा ऊस व्हता. पाटलांचं गुऱ्हाळ व्हतं, दादा तिथं कामाला. उसाचा रस कढवायची मोठी लोखंडी काहील असती बघा, चार माणसं आत बसतील एवढी. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, तर तीच काहील आमच्याकडं नदीवर न्यायची आणि माणसं पलीकडं पोचवायची. वस्तीवरनं पलीकडं जायला पूल न्हवता. माणसं काहिलीत बसायची आणि दादा पाण्यात. काहिलीची कडी एका हातानं धरून तो पोहत पोहत तिला ढकलत न्यायचा. लई हसरा माणूस व्हता तवा. पाणी चढलं का आई म्हणायची आज जाऊ नगं, तर म्हणायचा, "आये, नदी माझी सासू हाय. कुरकुर करती, पण जेवायला घालती."

त्या दिवशी श्रावण उतरत आला व्हता. काहिलीत दोघंच. एक दौलतराव पाटलांची आई, तिची लेक पलीकडं आजारी व्हती म्हणून निघालेली. आणि दुसरा रहिमान कलईवाला. रहिमान चाकणचा, दिवाळीच्या आधीपासनं गावोगाव फिरून भांड्यांना कलई करायचा, त्याची पिशवी आणि भाता घेऊन बसला व्हता. दादाची आणि त्याची चांगली ओळख. दादाच्या पोरीच्या बारशाला आमची पितळेची पातेली त्यानंच चकचकीत करून दिली व्हती, आणि म्हणाला व्हता, "ज्योतीभाऊ, यात तोंड बघ आणि दाढी कर."

नदीच्या मधी वरनं एक लाकडाचा ओंडका आला. काहिलीला लागला. काहील उलटली.

दादानं पाटलीणआजीला काढली. रहिमान दुसऱ्या दिवशी खाली आळंदीच्या अंगाला सापडला. एवढंच आमाला माहीत. वस्तीवर पाटलीणआजी वाचली म्हणून पेढे वाटले. रहिमानचं नाव निघालं तर लोक म्हणायचे, गेला बिचारा, देवाची मर्जी.

दसऱ्याला दौलतराव पाटलांनी चावडीपुढं दादाला बोलावलं. समद्या गावासमोर त्याला फेटा बांधला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि हातात मानाचा नारळ दिला. नारळ हातातनं पडला. गडगडत जाऊन पाटलांच्याच पायाशी थांबला. लोक हसले. दादा पण हसला, वाकला, उचलायला गेला, तर उजव्या हाताची बोटं मिटंनात. म्हणाला, "मुंग्या आल्यात." संध्याकाळी भाकरी मोडता आली न्हाई. दुसऱ्या दिवशी हात मनगटापासनं खाली मेल्यासारखा. ना गरम कळंना ना गार. डाव्या हातानं जेवायला लागला तशी आई ताटापुढनं उठून गेली.

मग काय काय केलं म्हणून सांगू. चोळणारी बाई आणली, तेलं झाली. देवऋषी म्हणाला नदीच्या तोंडचा घास हिसकावला म्हणून नदीनं हात धरलाय. दुर्गावहिनीनं, म्हंजी दादाच्या बायकोनं, नदीची खणानारळानं ओटी भरली. लोहारानं तापल्या सळईचे डाग दिले, दंडावर आणि कोपरावर. दादानं दात खाऊन सोसलं. काय फरक न्हाई.

तवा पारावर जाणती माणसं बसली. दत्तोबा म्हणून आमच्या शेजारी व्हते, त्यांनीच काढलं, का दादाचा मान चावडीपुढं झाला, देवापुढं झालाच न्हाई. अर्धा मान अंगावर येतो. म्हणून मग गावच्या उत्सवात मानाचं निशाण दादाच्या हातात द्यायचं ठरलं. पिढ्यान्‌पिढ्या ते निशाण पाटलांच्या घरातच असायचं, दौलतरावांनी आपला मान सोडला. केवढी मोठी गोष्ट. आईला तर रडू आलं. वहिनीनं नवं धोतर आणलं. पुन्हा फेटा बांधला, पहिल्यापेक्षा मोठा. डाव्या हातानं काठी धरली आणि उजव्या हाताला दोरीनं बांधून दिली. देवळापुढं वळताना निशाण कलंडलं आणि एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर पडलं. वाजंत्री बंद पडली. मी पण व्हते तिथं. दादाच्या तोंडाकडं बघवंना.

आता वाटतं, जखम जिथं व्हती तिथंच आमी समदे थापट्या मारत व्हतो. पण केलं मायेनंच. कुणाचं वाईट मनात न्हवतं.

त्यानंतर दादा घरातनं निघंना. गोठ्यात बसून राहायचा. पोरगी रांगायला लागलेली, वहिनी तिला त्याच्या मांडीवर ठेवायला जायची तर म्हणायचा, "माझ्या हातात देऊ नगंस." एवढंच बोलायचा दिवसभरात. पाटलांच्या गुऱ्हाळात एका हाताच्या माणसाचं काय काम? पाटील म्हणायचे ज्योतीरामला बसून खाऊ दे, आमी घालू. ते त्याला आणखीच लागायचं. आई मला म्हणाली, "छबे, ह्याचा हात परत आला न्हाई तर हा माणूस हातचा जाईल. मी सांगते तुला." तवा घरात तोच एक घोर व्हता, दादाचा हात परत येतो का न्हाई.

मला पिंपरीत दिलेली. माझे मालक अर्जुनराव औषधाच्या नव्या कंपनीत लागले व्हते, तिथं माणसं भरत व्हते. ते म्हणाले, "मेव्हण्याला घेऊन ये, खोकी उचलायचं काम तरी बघू." दादा येत न्हवता, पण आईनं शपथ घातली तसा आला. कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरनं हात बघितला. डोळे झाकायला सांगून टाचणी टोचली. मनगटापर्यंत काय कळंना आणि मनगटाच्या वर लगेच कळलं, हातमोजा घातल्यागत. डॉक्टर मालकांना बाजूला घेऊन म्हणाले, शिरा तुटल्या असत्या तर असं रेघ मारल्यासारखं बधीर झालं नसतं. शीर चांगली हाय. पुण्याला एक डॉक्टरीणबाई हायेत, मनाच्या दुखण्याच्या, त्यांच्याकडं न्या.

आईला सांगितलं तर आई उसळली. "माझ्या ल्योकाला येडा ठरवता व्हय?"

मालक म्हणाले, "मामी, येडा न्हाई. त्या नुसतं बोलून बरं करतात म्हणं."

दत्तोबा तिथंच विडी ओढत बसले व्हते. म्हणाले, "बोलायला पुण्याला? मग आमचा पार काय वाईट हाय? इथं सकाळधरनं बोलायलाच बसलेलो अस्तोय आमी, कुणाचा हात बरा झाला न्हाई अजून."

समदे हसले. दादा पण जरा हसला. तो हसला म्हणून आई गप्प बसली. वहिनीचं पोर लहान, म्हणून त्याच्याबरोबर जायचं माझ्याकडं आलं. दर आठवड्याला तो मोशीहून पिंपरीला यायचा आणि आमी दोघं आगगाडीनं पुण्याला जायचो.

डॉक्टरीणबाईंचं नाव पाळंदे. पांढरी पाचवारी, चष्मा, हातात एकच बांगडी. टेबलाच्या पलीकडं न बसता बाजूला खुर्ची घेऊन बसायच्या. ना सुई ना गोळी. दादाच्या दंडावरचे डाग बघितले. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते मला सांगा. घाई नाही. नको वाटेल तिथं थांबा."

दादानं सांगितलं. सकाळी म्हशीला पाणी पाजलं, भाकरी खाल्ली, नदीवर गेलो. तिथं थांबला. बाई म्हणाल्या बरं, आज एवढंच. परत येताना गाडीत दादा म्हणाला, "छबे, या बाईला काय येत न्हाई. नुसती ऐकून घेती."

पुढच्या आठवड्याला पुन्हा सकाळपासनं. त्याच्या पुढच्या पुन्हा. दर वेळी गोष्ट थोडी पुढं जायची. मग एकदा बाई म्हणाल्या, "ज्योतीराम, एक विचारू? तुम्ही नदीच्या मध्ये असता आणि पुढच्या वाक्यात काठावर असता. मध्ये काय झालं?"

दादा म्हणाला, "लोक सांगत्यात ना. म्हातारीला काढली."

"लोकांचं नको. तुमचं."

दादा खिडकीकडं बघायला लागला.

"काहिलीत कोण कोण होतं?"

"पाटलीणआजी व्हती."

मी तिथंच बसलेली. मला वाटलं विसरला. मी म्हणाले, "आणि रहिमानभाई व्हता की, दादा." एवढं म्हणायला आणि त्याचा तो मेलेला हात मांडीवर थरथरायला. पहिल्यांदाच हलला व्हता इतक्या महिन्यांत. मी घाबरले, बाईंकडं बघितलं. बाई उठल्या न्हाईत, हात बघायला पण आल्या न्हाईत. दादाला पाणी दिलं. मला म्हणाल्या, "छबूताई, पुढच्या वेळेपासून तुम्ही बाहेर बसा." मला राग आला व्हता तवा. सख्खी बहीण मी. पण बाहेर बसले.

एकदा आतनं दादाचा आवाज चढलेला ऐकला. "म्हंजी मी सोंग करतो व्हय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "सोंग करणारा माणूस असे डाग सोसत नाही. तुमच्या शिरेला काही झालेलं नाही, पण हात खरंच बधिर आहे. दोन्ही खरं आहे. एक गोष्ट तुम्ही कुणालाच सांगितलेली नाही. ती तुमचा हात सांगतोय, असं मला वाटतं. चूक असेल तर तसं सांगा."

त्यानंतर दोन आठवडे दादा आलाच न्हाई. मी मोशीला गेले तर गोठ्यात. मी शेण काढू लागले. तिसऱ्या आठवड्याला आपणहून पिंपरीत येऊन दारात उभा. "चल," म्हणाला.

त्या दिवशी लई वेळ आत व्हता. बाहेर आला तर डोळे सुजलेले. गाडीत खिडकीशी बसला. खडकी गेली, दापोडी गेली, मग बोलायला लागला. माझ्याकडं बघत न्हवता, बाहेर बघत व्हता.

काहील उलटली तवा त्याच्या डाव्या हातात पाटलीणआजी आली आणि उजव्या हातात रहिमानचं मनगट. दोघांना धरून पोहता यीना. हात दोनच, पाणी ओढतंय, तिघं खाली चाललेली. एक हात मोकळा पाहिजे. "छबे," म्हणाला, "म्हातारी सत्तरीची. रहिमान तरणा, घरात बारकी पोरं. डोक्यानं विचार केला असता तर काय केलं असतं मला म्हाईत न्हाई. पण विचार केलाच न्हाई मी. हातानंच ठरवलं. ती पाटलाची आई व्हती. हाताला बरं म्हाईत झालं कुणाचं मनगट टाकायचं. आणि मग त्यांनी त्याच हातात नारळ दिला."

मला वाटलं म्हणावं, तुझी चूक न्हाई दादा, तिघं मेली असती. पण तोच म्हणाला, "बाईला मी इचारलं, माझं चुकलं का. ती म्हणाली याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिघांपैकी दोघं वाचलीत हे खरं आहे, आणि तुम्हाला वाटतंय ते पण खरं असेल. हे ओझं जायचं नाही. पण ते हातात धरून बसायची गरज नाही." मग म्हणाला, "बरं वाटलं गं. कुणी वीर म्हणालं न्हाई म्हणून बरं वाटलं."

पिंपरीला उतरताना त्यानं उजव्या हातानं डब्याच्या दाराची दांडी धरली. दोन बोटांनीच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तशीच लोंबत. पण धरली. मी बघितलं आणि बघितलं न्हाई असं केलं.

मला वाटलं आता झालं बरं. पण तसं न्हवतं ते. कधी बोटं मिटायची, कधी न्हाई. वाटेत पाटील भेटले आणि पाठीवर थाप मारली का हात परत गळायचा. बाईंनी त्याला ते बघायला लावलं, का कधी गळतो आणि त्याच्या आधी काय झालेलं असतं. दादाला हळूहळू कळायला लागलं. घरी यायचा आणि म्हणायचा, "आज दौलतराव म्हणाले आमचा ज्योतीराम, आणि लगेच गेला बघ हात." म्हणायचा आणि हसायचा. दुखणं कुठनं येतं ते कळल्यावर माणूस जरा हसतो, एवढं मी तवा शिकले.

मग बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला खरं कुणाला सांगायचं आहे?" दादा म्हणाला, "सांगायचं तो गेला." बाई म्हणाल्या, "त्याच्या घरी कोण आहे?" आणि पुढं हे पण म्हणाल्या, "माफी मिळेल असं धरून जाऊ नका. ती काय बोलेल ते मला माहीत नाही. जायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

ठरवायला त्याला लई दिवस लागले. उन्हाळा लागला तवा मला म्हणाला, "छबे, येतीस का चाकणला?"

एसटीनं गेलो. बाजाराच्या मागं रहिमानच्या मेव्हण्याचं, इम्तियाजचं, कलईचं दुकान. दुकान म्हंजी पत्र्याचं छप्पर आणि जमिनीत भट्टी. इम्तियाज मालाला गेलेला. रहिमानची बायको रोशनबी एकटीच भट्टीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून, एका हातानं भाता फिरवती आणि दुसऱ्या हातात चिमटा. नवसागराचा धूर डोळ्यांत जायचा. आमाला वाटलं गिऱ्हाईक समजली. पण तिनं दादाला ओळखलं. "ज्योतीभाऊ का? बस."

दादा उभाच. उभ्यानंच समदं सांगितलं. गाळलं न्हाई काय. मनगट कुणाचं व्हतं, कुणाचं टाकलं, का टाकलं. मी खाली बघत व्हते.

रोशनबीनं भाता थांबवला न्हाई. मग म्हणाली, "पाटलाची आई व्हती म्हणून?"

"व्हय. असंल. तसंच असंल."

"एवढी माणसं आली माझ्याकडं. तुमचे पाटील पण आले व्हते, साडी घेऊन. समदी म्हणाली अल्लाची मर्जी. मला विचारायला कुणी काय ठेवलंच न्हाई." पातेलं उलटं करून बघितलं, परत आगीवर ठेवलं. "मय्यत इम्तियाजनं धुतली. तो म्हणाला, मनगटावर वळ हायेत. पाची बोटांचे. नखं रुतलेली. मी तवापासून विचार करते, कुणी धरलं व्हतं एवढं घट्ट? म्हंजी एकटा न्हवता ना तो, बुडताना. कुणीतरी धरलं व्हतं." तिचा आवाज तसाच, कोरडा. "ते तू व्हतास."

दादा खाली बसला. रडला न्हाई. नुसता बसला.

"सोडलंस त्याचं मी काय बोलू," रोशनबी म्हणाली. "मी तिथं न्हवते. पण वरीस व्हत आलं, ज्योतीभाऊ. तू आला न्हाईस. ते मात्र मी इसरणार न्हाई."

"नगंस इसरू," दादा म्हणाला.

मग ती म्हणाली, "आता आलाच हाईस तर भाता धर. मला दोन्ही हात पाहिजेत, कथील लावायचंय." दादानं डावा हात पुढं केला. तर वैतागून म्हणाली, "डाव्यानं उलटा फिरतो तो. नीट धर की रे, आग बसंल!" आणि त्यानं उजव्यानं धरला. मी बघत व्हते. तिला दादाच्या हाताची गोष्ट माहीतच न्हवती, तिचं लक्ष पातेल्यात. कापसाच्या बोळ्यानं तिनं कथील फिरवलं आणि पातेलं आतनं चांदीगत उजळलं. दादा भाता फिरवत राहिला. करंगळी वरच व्हती, पण बाकीची बोटं दांड्यावर घट्ट. घाम आला, थांबला न्हाई. एक पातेलं झालं, दुसरं झालं. इम्तियाज आला तवा उठला.

येताना एसटीत उजव्या हातानं पुढच्या बाकाची दांडी धरून बसला. घरी गेल्यावर आधी पोरगी उचलली. वहिनी चुलीपुढनं उठली आणि परड्यात जाऊन बसली, तिकडंच बराच वेळ राहिली. आई म्हणाली, "माझ्या नदीनं सोडला बाई हात." कुणी तिला काय सांगायला गेलं न्हाई.

पाळंदेबाईंकडं तो पुढं पण जात राहिला. मी विचारलं, आता कशाला? म्हणाला, "हात आला गं. पण मी कोण हाय ते अजून नीट कळलं न्हाई." करंगळी जन्मभर तशीच अर्धी राहिली. कंपनीत लागला. पण पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी काहील न्यायचाच, पूल व्हईपर्यंत. फक्त एक नियम केला त्यानं. आधी आला तो आधी बसणार. एकदा दौलतराव छत्री घेऊन आले आणि कातकऱ्याची बाई आधी आलेली. पाटील म्हणाले, "ज्योतीराम, मला घाई हाय." दादा म्हणाला, "तिला पण हाय, विचारून बघा." गावात लई दिवस चालली ती गोष्ट. पाटील बोलायचे बंद झाले आणि दादाचं दुखणं निम्मं तिथंच गेलं.

चाकणला दर दिवाळीच्या आधी जायचा. घरची भांडी घेऊन जायचा, भाता फिरवून यायचा. रोशनबी कधी माफ केलं असं म्हणाली न्हाई. तिच्या मयतीला मात्र तिच्या पोरांनी सांगावा धाडला, काकाला बोलवा म्हणून. आणि फेटा त्यानं आयुष्यात पुन्हा बांधला न्हाई. पोरीच्या लग्नात पण टोपीच. लोक म्हणायचे चिक्कू हाय, म्हणायचे तऱ्हेवाईक हाय. कुणाला कारण सांगितलं न्हाई, कारण सांगितलं असतं तर पुन्हा वीरच केला असता त्यांनी त्याला.

म्हणून मी फोटोवरचा फेटा काढला. एवढंच.

पिंपरीच्या दवाखान्यात व्हता शेवटी. दुपारची वेळ. पोरं खाली जेवायला गेलेली, मी एकटीच बसले व्हते खाटेशी. डोळे उघडत न्हवता, पण माझं मनगट धरलं व्हतं, उजव्या हातानं. करंगळी वर. नर्स आली, म्हणाली, "आजी, हात सोडवा जरा, सलाईन बदलायचंय." मी म्हणाले, "दादा, सोड रे." सोडंना. नव्वदी पार केलेल्या माणसात एवढा जोर कुठनं आला. नर्स घाई करत व्हती. मग मीच त्याची बोटं उघडली, एकेक करून. उघडताना मला एसटीतला तो दादा आठवला, आणि गाडीतला, खिडकीबाहेर बघत बोलणारा. नर्सनं सलाईन लावलं. तोवर त्याचा हात गार पडत चालला व्हता.

घरी आले तवा मनगटावर वळ उठलेले. दादाची सून म्हणाली, "आत्या, तेल लावते." मी म्हणाले, राहू दे. लावू दिलं न्हाई. चार दिवसांत आपोआप गेले.